सुपरचार्जर आणि आयटीबी: फ्युएल मॅप टप्प्याटप्प्याने कसा बसवायचा

प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल बॉडी असलेलं इंजिन, म्हणजे आयटीबी, पायाखाली जितकं जिवंत वाटतं तितकं दुसरं कुठलंच वाटत नाही. त्यावर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्याच जोरावर फिरून हवा दाबून आत ढकलणारा पंप, बसवला की ताकदही येते आणि ती थांबून न राहता येते. ट्यूनिंगसाठी, म्हणजे कधी किती इंधन द्यायचं याचा तक्ता (फ्युएल मॅप) बसवण्यासाठी, मात्र ही जोडी अवघड आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती चुकीच्या पद्धतीने बसवली जाते. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, आकडा छान येतो. ऋतू बदलला किंवा घाट चढला की गाडी कधी रिच (इंधन जास्त), कधी लीन (इंधन कमी). दोष इंजिनाचा नसतो. हवा मोजण्याची पद्धतच चुकलेली असते.

एका थ्रॉटल बॉडीच्या इंजिनात ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला) दाब आणि आरपीएम बघून हवेचा अंदाज बांधतो. आयटीबीमध्ये हा दाब लवकर निरुपयोगी होतो. टोयोटाच्या १५८७ सीसीच्या ४ए-जीई २० व्हॉल्व्ह इंजिनाचं उदाहरण घ्या. १९९५ च्या काळ्या झाकणाच्या आवृत्तीला कंपनीकडूनच ४५ मिमीच्या चार बॉडी आहेत. त्यांचं एकूण क्षेत्रफळ सुमारे ६३६० चौरस मिमी भरतं, तर ६० मिमीच्या एकट्या बॉडीचं जेमतेम २८३०. म्हणून कमी आरपीएमला थ्रॉटल पाव भाग उघडला की बटरफ्लायच्या (थ्रॉटल बॉडीतल्या गोल झडपेच्या) खालचा दाब जवळजवळ वरच्याइतका होतो. त्यापुढे थ्रॉटल कितीही उघडा, प्रेशर सेन्सर तोच आकडा दाखवत राहतो.

म्हणून आयटीबीवाले अल्फा-एन वापरतात, म्हणजे थ्रॉटल किती उघडा आणि आरपीएम किती, एवढ्यावर इंधन. नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड इंजिनाला हे उत्तम चालतं. सुपरचार्जर आला की अल्फा-एन आंधळं होतं, कारण थ्रॉटलच्या कोनाला बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरने वाढवलेला दाब, दिसत नाही. बेल्ट घसरला, पुली बदलली, जास्तीची हवा परत फिरवणारा बायपास व्हॉल्व्ह उघडा अडकला, तरी कोन तोच आणि इंधनही तेवढंच.

कारखान्यांनी यावर आपापले मार्ग काढले. निस्सानने १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आरच्या आरबी२६डीईटीटी इंजिनात सहा थ्रॉटल बॉडी आणि दोन टर्बो बसवले, आणि हवा मोजायला टर्बोच्या आधी दोन एअरफ्लो मीटर दिले. कावासाकीच्या निंजा एच२ ला ९९८ सीसीचं इंजिन, गिअरवर फिरणारा सुपरचार्जर, त्यापुढे अ‍ॅल्युमिनियमची हवाबंद पेटी आणि तिच्याखाली चार थ्रॉटल बॉडी अशी मांडणी आहे. आपण खाली जी मांडणी धरतोय ती या दुसऱ्या प्रकारची: आधी कॉम्प्रेसर (म्हणजे सुपरचार्जर), मग हवा थंड करणारा इंटरकूलर, मग प्लेनम, म्हणजे दाबाखालच्या हवेची पेटी, आणि शेवटी बटरफ्लाय.

या सगळ्या लेखाचा कणा एका वाक्यात सांगतो. प्लेनममधला दाब हेच इंजिनाचं वातावरण आहे असं धरा. थ्रॉटल आणि आरपीएम तेच ठेवून प्लेनमचा दाब दीडपट केला, तर बटरफ्लायमधून जाणारी हवा जवळजवळ दीडपट होते, कारण वरचा आणि खालचा दाब एकाच प्रमाणात वाढतात. बदलत नाही तो फक्त एक्झॉस्टकडचा दाब, आणि त्याची दुरुस्ती छोटी असते. म्हणजे मूळ टेबल अल्फा-एनचं, आणि त्याला गुणायचं प्लेनमच्या दाबाने. दोन्ही साधनांची जी बाजू धड आहे तेवढीच आपण वापरतो.

पहिला टप्पा: सेन्सर कुठे आणि किती

प्लेनमला बटरफ्लायच्या वर एक प्रेशर सेन्सर लावा. तो निरपेक्ष दाब (निर्वातापासून मोजलेला) दाखवणारा आणि निदान २५० किलोपास्कलपर्यंतचा हवा. हाच आपला मुख्य सेन्सर. नळी शक्य तितकी आखूड ठेवा आणि कॉम्प्रेसरच्या फवाऱ्यासमोर तिचं तोंड येऊ देऊ नका.

हवेच्या तापमानाचा सेन्सरही प्लेनममध्येच हवा, इंटरकूलरच्या नंतर. एअर फिल्टरजवळ ठेवलेला सेन्सर या कामाला निरुपयोगी आहे. उघड्या टोकाचा, लवकर प्रतिसाद देणारा घ्या. बंद पितळी टोकाचा सेन्सर स्वतः तापून बसतो आणि खोटं बोलतो.

दुसरा प्रेशर सेन्सर बटरफ्लायच्या खाली, फक्त आयडलसाठी. चारही रनरमधून (बटरफ्लायपासून सिलिंडरपर्यंतच्या मार्गातून) बारीक नळ्या काढून एका छोट्या सामाईक नळीत जोडा आणि प्रत्येक नळीत बारीक छिद्राचा जेट टाका, म्हणजे हवेचे ठोके मरतात. एकाच रनरवरून घेतलेला दाब इतका थरथरतो की त्यावर काहीच बसत नाही.

फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची नळीही याच सामाईक नळीला जोडा, जर इंजेक्टर बटरफ्लायच्या खाली असतील तर. इंजेक्टर बटरफ्लायच्या वर, प्लेनममध्ये फवारत असतील तर रेग्युलेटरची नळी प्लेनमला. नियम सरळ आहे: इंजेक्टरचं तोंड ज्या दाबात आहे, तो दाब रेग्युलेटरला कळला पाहिजे. नळी जोडलीच नाही तर काय होतं ते बघा. ३ बारचा स्थिर दाब आणि ०.८ बार बूस्ट असेल, तर इंजेक्टरला प्रत्यक्षात २.२ बारच मिळतो आणि प्रवाह सुमारे १४ टक्के घटतो. इंजिनाला इंधनाची सर्वात जास्त गरज असते नेमकी तेव्हाच.

दुसरा टप्पा: लॅपटॉप उघडण्याआधी

चारही बटरफ्लाय सिंक्रोनाइझ करा. सिंक्रोमीटर किंवा चार व्हॅक्यूम गेज, काहीही चालेल, पण आयडलला आणि किंचित रेस देऊन दोन्हीकडे तपासा. आयडलला जुळलेल्या बॉडी थोड्याशा रेसवर बिघडल्या, तर लिंकेजमध्ये ढिलाई आहे. ती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण अल्फा-एनमध्ये लिंकेजची ढिलाई म्हणजे थेट इंधनातली चूक.

थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं शून्य आणि शंभर नीट कॅलिब्रेट करा. अ‍ॅक्सिलरेटर दाबून सोडा, पाचसहा वेळा. प्रत्येक वेळी आकडा त्याच जागी परत आला पाहिजे.

प्लेनम आणि पाइप दाबून गळती तपासा. बायपास व्हॉल्व्ह कसा उघडतो ते डोळ्यांनी बघा. स्क्रू किंवा रूट्स प्रकारचा सुपरचार्जर प्रत्येक फेरीला ठराविक हवा ढकलतोच. पुढे बटरफ्लाय बंद असेल आणि बायपास नसेल, तर दाब कुठेतरी वाट काढेल. बायपासची नळी बटरफ्लायच्या खालच्या व्हॅक्यूमवर चालवा.

आता इंजेक्टर. सुपरचार्ज्ड इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे मिनिटाला सुमारे ६.३ सीसी पेट्रोल लागतं असं धरून चला. २०० हॉर्सपॉवरला १२६० सीसी, चार इंजेक्टरांत वाटून ३१५, आणि ८० टक्क्यांहून जास्त वेळ इंजेक्टर उघडा ठेवायचा नाही म्हणून ३९४. आपल्याकडे पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉलमुळे त्याला वस्तुमानाने आठनऊ टक्के जास्त इंधन लागतं, म्हणजे साधारण ४२५ सीसी. ४४० सीसीचे इंजेक्टर इथे पुरतील, पण हात राखून नव्हे. मी ५५० चे घेईन.

याच कारणासाठी पूर्ण काम लॅम्डामध्ये करा, एएफआरमध्ये नको. एएफआर म्हणजे हवा आणि इंधनाचं वजनी प्रमाण. लॅम्डा म्हणजे ते प्रमाण भागिले त्या इंधनाचं संतुलित प्रमाण: १ च्या खाली रिच, वर लीन. शुद्ध पेट्रोलचं संतुलित प्रमाण १४.७, ई२० चं सुमारे १३.५. गेज १४.७ वर बेतलेला असताना तुम्ही ई२० जाळत असलात, तरी लॅम्डा १ हा लॅम्डा १ च राहतो. पडद्यावरच्या एएफआरच्या आकड्यांनी गोंधळ होतो, लॅम्डाने होत नाही.

कॉम्प्रेशनबद्दल एक गोष्ट. २० व्हॉल्व्हचं मूळ कॉम्प्रेशन १०.५ ते ११ आहे. पाऊण बार बूस्टवर आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल याला झेपणार नाही. पुढची सगळी गणितं फोर्ज्ड पिस्टन टाकून कॉम्प्रेशन ९ च्या आसपास आणलेल्या इंजिनाची आहेत. मॅप कितीही सुंदर असला तरी नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) थांबवण्याचं काम इंधनावर ढकलू नका.

तिसरा टप्पा: ईसीयूचं गणित

मुख्य लोड थ्रॉटल ठेवा आणि इंधनाला प्लेनमच्या निरपेक्ष दाबाने गुणायची सोय चालू करा. मेगास्क्वर्ट या ईसीयूमध्ये अल्फा-एन निवडून दाबाने गुणायचा पर्याय वेगळा मिळतो. इतर ईसीयूंमध्ये नाव वेगळं, काम तेच. या गुणाकारासाठी प्लेनमचा सेन्सर निवडलाय, रनरचा नाही, याची खात्री करा.

गणित असं:

इंजेक्टरचा वेळ = मूळ वेळ × व्हीई × (प्लेनम दाब ÷ १००) × (२९३ ÷ हवेचं केल्व्हिन तापमान) ÷ लॅम्डाचं लक्ष्य + इंजेक्टरचा डेड टाइम

व्हीई म्हणजे सिलिंडर किती टक्के भरला. डेड टाइम म्हणजे वीज मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत वाया जाणारा वेळ. मूळ वेळ म्हणजे १०० किलोपास्कल आणि २० अंशांना पूर्ण भरलेल्या सिलिंडरला लागणारा वेळ. आपल्या इंजिनाला, ४४० सीसीचे इंजेक्टर आणि ई२० धरून, तो सुमारे ६.४ मिलिसेकंद येतो.

आकडे घालून बघू. पुण्यात बाहेरचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो. बूस्ट ७५, म्हणजे प्लेनममध्ये १७०. हवा ६० अंशांवर, म्हणजे ३३३ केल्व्हिन. १.७० गुणिले ०.८८, उत्तर सुमारे १.५०. दाब सत्तर टक्के वाढला, पण हवेचं वजन पन्नासच टक्के. तापमानाची दुरुस्ती बंद ठेवून ट्यून केलेल्या गाड्या गरम दिवशी का बिघडतात त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. पुढे, व्हीई १०० टक्के धरून: ६.४ × १.५० ÷ ०.८०, म्हणजे १२ मिलिसेकंद, अधिक डेड टाइम १. ७५०० आरपीएमला एका चक्राला १६ मिलिसेकंद मिळतात. इंजेक्टर ८१ टक्के वेळ उघडा. ५५० सीसीचे घ्या असं वर म्हटलं ते यामुळे.

इथे एक सापळा आहे. गुणाकार निरपेक्ष दाबाने होतोय, म्हणजे हवामान आणि उंची त्यात आलीच. मुंबईत १०१, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास, हा फरक प्लेनमचा सेन्सर आपोआप पकडतो. त्यावर पुन्हा बॅरोमेट्रिक करेक्शन चालू ठेवलं तर तीच दुरुस्ती दोनदा लागते. ते बंद करा.

टेबलाच्या थ्रॉटल बाजूचे खण समान अंतरावर ठेवू नका. आयटीबीमध्ये सगळा बदल पहिल्या पाव भागात घडतो. माझी मांडणी अशी असते: ०, १.५, ३, ५, ७, १०, १४, १९, २५, ३३, ४५, ६०, ८०, १००. आरपीएम ५०० च्या पायऱ्यांनी.

चौथा टप्पा: बेल्ट काढून

हा टप्पा बरेच जण गाळतात, आणि मला तो सर्वात मोलाचा वाटतो. सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर असेल तर बेल्ट काढा आणि तात्पुरत्या पाइपने फिल्टर थेट प्लेनमला जोडा. स्क्रू प्रकाराचाही बेल्ट काढा, पण तो न फिरता हवा जाऊ देत नाही, म्हणून प्लेनमला हवेची वेगळी, पुरेशी मोठी वाट द्या. आता हे साधं नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड इंजिन झालं, आणि मूळ टेबल याच अवस्थेत पूर्ण करायचं.

लोड धरून ठेवणारा डायनो घ्या. आरपीएम २००० ला अडकवा, थ्रॉटल ५ टक्के, लॅम्डा स्थिर होईपर्यंत दोनतीन सेकंद थांबा, खण दुरुस्त करा, पुढच्या खणावर जा. दुरुस्तीचं सूत्र: नवी व्हीई = जुनी व्हीई × मोजलेला लॅम्डा ÷ लक्ष्य लॅम्डा. ७८ च्या खणावर लक्ष्य ०.८८ आणि वाचन ०.९१ असेल, तर नवी व्हीई ८०.७. २० व्हॉल्व्ह इंजिनात इनटेक कॅमची व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) चालू-बंद होते. ती ज्या आरपीएमला चालू होईल तो आधी ठरवा, नाहीतर भरलेले खण पुन्हा भरावे लागतील.

कमी हवेवर एक्झॉस्ट वायूला सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो. आपोआप दुरुस्ती करणारं सॉफ्टवेअर हे विसरतं आणि शेजारच्या खणात बदल करून बसतं. स्थिर खणांतच त्याला काम करू द्या.

भरलेलं टेबल त्रिमितीत बघा. थ्रॉटलच्या सुरुवातीला उभी चढण आणि मग पठार, असा गुळगुळीत आकार दिसला पाहिजे. मध्येच एखादा खण वर किंवा खाली उडालेला असेल तर तो पुन्हा मोजा. नुसता हाताने सपाट करू नका.

मोठ्या ओव्हरलॅपचे कॅम (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवणारे) असतील तर कमी आरपीएमला लॅम्डा सेन्सरवर विसंबू नका. न जळलेली हवा एक्झॉस्टमध्ये जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, आणि गाडी लीन आहे असं तो सांगतो. तिथे इंधन वाढवत गेलात तर प्लग काळे होतील. आयडलजवळ इंजिनाचा आवाज, स्थिर आरपीएम आणि व्हॅक्यूम यांचं ऐका.

आयडल वेगळं का

आयडल व्हॉल्व्हमधून येणारी हवा बटरफ्लायला वळसा घालून येते. थ्रॉटलचा आकडा शून्यच राहतो आणि हवा वाढते. एसी चालू झाला, व्हॉल्व्ह उघडला, अल्फा-एनला पत्ता नाही, इंजिन लीन होऊन डुगडुगतं. म्हणून साधारण ८ टक्के थ्रॉटलपर्यंत रनरच्या सामाईक दाबावर चालणारं छोटं टेबल ठेवा आणि त्यापुढे हळूहळू अल्फा-एनमध्ये मिसळा. हा दाब निरपेक्ष असल्याने या टेबलाला प्लेनमचा गुणाकार लावायचा नाही. ईसीयूमध्ये मिसळण्याची सोय नसेल, तर आयडल व्हॉल्व्हच्या ड्युटीनुसार इंधन वाढवणारं टेबल तरी द्या.

पाचवा टप्पा: बेल्ट चढवून

सर्वात कमी बूस्ट देणारी पुली लावा. मूळ टेबलाला आता हात लावायचा नाही. लॅम्डाची लक्ष्यं प्लेनमच्या दाबानुसार द्या: क्रूझला १.००, ९५ ते १०० किलोपास्कलला पूर्ण थ्रॉटलवर ०.८८, १२० ला ०.८५, १४० ला ०.८२, १७० ला ०.७९ ते ०.८०.

इग्निशनलाही हाच न्याय. थ्रॉटल आणि आरपीएमचं मूळ टेबल, आणि त्यातून प्लेनमच्या दाबानुसार वजा होणारे अंश. सुरुवातीला दर ०.०७ बार बूस्टमागे १ अंश मागे घ्या आणि नॉक सेन्सर व हेडफोन लावून ऐकत पुढे जा.

पूर्ण थ्रॉटलची ओढ एकदम लाल रेषेपर्यंत नेऊ नका. ४५०० ला सोडा, लॉग वाचा. मग ५५००, मग पुढे. गुणाकार बरोबर असेल तर लॅम्डा लक्ष्याच्या आसपासच राहील. बूस्टमध्ये तो थोडा लीन निघणं अपेक्षित आहे. इनटेकचा दाब एक्झॉस्टपेक्षा बराच वर गेला की सिलिंडरमधला जुना वायू नीट बाहेर पडतो आणि भरण वाढते. ही काही टक्क्यांची दुरुस्ती प्लेनम दाब आणि आरपीएमच्या वेगळ्या छोट्या टेबलात भरा. ती मूळ टेबलात मिसळली तर पुली बदलल्यावर सगळं काम पुन्हा करावं लागेल.

फरक १० टक्क्यांहून मोठा असेल तर टेबल दुरुस्त करायच्या मागे लागू नका. रेग्युलेटरची नळी, फ्युएल पंपाची क्षमता, तापमानाचा सेन्सर किंवा डेड टाइम, यांपैकी काहीतरी चुकलंय. रेलच्या दाबाचा सेन्सर लॉगमध्ये असेल तर पाच मिनिटांत कळतं.

मग पुली बदला आणि त्याच पायऱ्यांनी वर जा.

सिलिंडरनिहाय फरक

प्लेनमला हवा एका टोकाकडून येत असेल तर चारही सिलिंडरांना सारखी मिळेलच असं नाही. लॅम्डा सेन्सर सरासरी दाखवतो: तीन सिलिंडर रिच आणि एक लीन, तरी सरासरी छान. प्रत्येक एक्झॉस्ट रनरमध्ये तापमानाचा प्रोब लावा, प्लग काढून वाचा, आणि ईसीयूमध्ये सिलिंडरनिहाय ट्रिम द्या. हे पूर्ण थ्रॉटलवर करायचं. आयडलचं सिंक्रोनायझेशन इथे कामाला येत नाही, कारण बटरफ्लाय पूर्ण उघडे असताना फरक प्लेनमच्या आकाराचा असतो.

एक्सलरेशन एनरिचमेंट

दाबाखालच्या प्लेनममुळे बटरफ्लाय उघडताच हवा तिथेच तयार असते, रनर आखूड असतो, आणि भिंतीवर बसलेलं इंधन मागे पडतं. म्हणून ३ ते १५ टक्के थ्रॉटलमध्ये जोरदार एनरिचमेंट (क्षणभर जास्तीचं इंधन) लागते आणि ४० च्या पुढे जवळजवळ काहीच नाही. मूळ टेबल पूर्ण बरोबर झाल्याशिवाय या भागाला हात लावू नका, नाहीतर टेबलाची चूक एनरिचमेंटने झाकली जाते.

सुरक्षा

तीन कट घालाच. प्लेनमचा दाब अपेक्षेपेक्षा १० ते १५ किलोपास्कल वर गेला तर इंधन बंद. १३० किलोपास्कलच्या वर लॅम्डा लक्ष्यापेक्षा ०.०८ ने लीन, अर्धा सेकंद, तर बंद. रेल आणि रनरमधला दाबाचा फरक ०.३ बारने पडला तर बंद. हे कट प्रत्यक्षात काम करतात का, ते मर्यादा मुद्दाम खाली आणून डायनोवर तपासा आणि मग मूळ जागी न्या.

कायद्याचं भान ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरच्या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई केली आहे. हे इंजिन ट्रॅकसाठी बांधा.

शेवटची तपासणी डायनोच्या बाहेर. तापमान आणि उंची दोन्ही वेगळी असलेल्या ठिकाणी गाडी ट्रेलरवर न्या, तिथे लॉग घ्या आणि लॅम्डाची चूक हवेच्या तापमानासमोर मांडून बघा. गरम हवेत चूक एकाच दिशेला झुकत असेल तर तापमानाच्या दुरुस्तीचा वक्र बदला. दाबासोबत झुकत असेल तर प्लेनम सेन्सरचं कॅलिब्रेशन, इंजिन बंद असताना, त्या ठिकाणच्या खऱ्या हवेच्या दाबाशी ताडून बघा.